पंचवीस सेंटचं तिकीट

दुपारची जेवणं आवरून मी जरा आडवी होते आणि नेमका तेव्हाच आमच्या धाकट्याच्या खोलीत धडधड सुरू होते. तो तिला 'बीट' म्हणतो. दोन खोल्यांत भिंत एकच, त्यामुळे माझ्या उशाशी तांब्यावर ठेवलेलं फुलपात्र थरथरायला लागतं. इतकी वर्षं मी कूस बदलून झोपत आले. एकदा मात्र कान देऊन ऐकलं. शब्द हिंदीच होते, पण मूठभर फुटाणे तोंडात टाकून बोलावं तसे. जे हाती लागलं ते एवढं : गाडी कोणती, घड्याळ केवढ्याचं, गळ्यातली साखळी किती वजनाची, आणि ज्यांना जळायचंय त्यांनी खुशाल जळावं.

मी दार ढकलून विचारलं, "हे गाणं आहे, की सराफ्यात कुणी बिल वाचून राहिलंय?"

"आई, हा रॅप आहे. तू नको ऐकत जाऊ."

ऐकू नको म्हटलं की आपण ऐकतोच. शिवाय मला त्याची गरज होती. दशलक्षण पर्व जवळ आलं होतं. आमच्या महिला मंडळात त्या दहा दिवसांत रोज एकेक बाई एकेका धर्मावर दहा मिनिटं बोलते. माझ्या वाट्याला नववा दिवस आला होता, उत्तम आकिंचन्य. माझं म्हणावं असं काहीच नाही, हे मनापासून कळणं म्हणजे आकिंचन्य. दरवर्षी त्याच त्या गोष्टी ऐकून बायका पेंगतात. या वर्षी आजचं उदाहरण द्यावं असं मनात आलं. आजच्या पोरांची गाणी म्हणजे नुसतं 'माझं, माझं', आणि एके काळी गरिबांनी दुःख सांगायला काढलेलं हे गाणं बाजारानं कसं खाल्लं, असं काहीतरी. मुद्दा तयारच होता. फक्त नावं चुकायला नकोत म्हणून मुलाला विचारायला गेले, आणि तिथेच माझ्या भाषणाची वाट लागली.

मी मूग निवडत होते, तो समोर पाटावर बसला. मी म्हटलं, हे सगळं सुरू झालं तेव्हा तरी त्यात पैसा नव्हता ना? त्याला हसू आलं. म्हणाला, पहिल्या दिवसापासून होता.

झालं होतं असं. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, गरिबांची वस्ती. 11 ऑगस्ट 1973 ला सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 नंबरच्या इमारतीत एका मुलीनं खालचा हॉल घेऊन पार्टी ठेवली. तिचं नाव सिंडी कॅम्पबेल. तिचा भाऊ रेकॉर्ड वाजवणार होता, जो पुढे डीजे कूल हर्क म्हणून नावाजला. हिपहॉपचा जन्म लोक त्या रात्रीपासून मोजतात. आणि पार्टी कशासाठी? शाळा सुरू होणार होती, सिंडीला नवे कपडे घ्यायचे होते. तिकीट होतं. मुलींना 25 सेंट, मुलांना 50.

निवडता निवडता माझा हात थांबला. गाण्याच्या इतिहासात भावाचं नाव मोठं, पण हॉल घेणारी, तिकिटाचे दर ठरवणारी ती पोरगी मला एकदम ओळखीची वाटली. दिवाळीत अनारसे विकून मुलींच्या फिया भरणाऱ्या बाया आपल्यात कमी आहेत का?

पुढचंही त्यानं सांगितलं. 1979 मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन नावाच्या बाईनं तीन मुलं गोळा करून 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड काढली. ती तुफान चालली. हा बाजारच झाला. पण 1982 मध्ये वस्तीतल्या हालअपेष्टांवरचं 'द मेसेज' आलं, ते काढण्याचा हट्टही हिचाच. ज्यांच्या नावावर ते गाणं आहे त्या ग्रँडमास्टर फ्लॅशच्या मंडळींना आधी ते नको होतं. लोक पार्टीत नाचायला येतात, रडगाणं कोण ऐकेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे व्यापारी बाई म्हणत होती दुःख सांगा, आणि कलाकार म्हणत होते नाचू द्या! माझ्या दहा मिनिटांपैकी पाच तिथेच गेली.

मी म्हटलं, ते अमेरिकेचं राहू दे. आपल्याकडचं सांग.

आपल्याकडचं मला थोडं माहीत होतं. 2019 चा 'गली बॉय' आम्ही घरच्यांनी मिळून पाहिला होता. तो ज्यांच्या आयुष्यावरून सुचला, त्यातला नेझी कुर्ल्याचा. त्यानं 2014 मध्ये आयपॅडवरच गाणं बनवलं आणि चित्रितही केलं. दुसरा डिव्हाइन अंधेरीचा. त्यांच्यानंतर कंपन्या आल्या, जाहिराती आल्या, टीव्हीवर स्पर्धा आल्या. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला एमसी स्टॅन 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला. त्याचे बूट आणि गळ्यातली साखळी यांची चर्चा गाण्यांपेक्षा जास्त झाली. मी लगेच म्हटलं, "बघ! हेच तर म्हणतेय मी."

मुलगा म्हणाला, "आई, त्याच्या घरी कधी नव्हतं ते त्यानं मिळवलं आणि दाखवलं. आपल्याकडे लग्नात जे दाखवतात, ते तर पिढ्यांपासून आहे ना घरात?"

मी मूग पाखडायला घेतले. उत्तर सुचलं नाही की सूप बरं पडतं.

मग त्यानं मोबाइलवर एक गाणं लावून दिलं. मुंबईच्या 'स्वदेसी' या पोरांचं, 'वारली रिव्होल्ट', 2019 चं. त्यात आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. जंगल, माणसं, आणि वर चढत येणारं शहर. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं रात्रीतून तोडायला घेतली, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. त्या मंडळींतला तोडफोड नावानं गुजरातीत रॅप करणारा मुलगा 2022 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. माझा धाकटा तेव्हा दोन दिवस नीट जेवला नव्हता. मला कारण तेव्हा कळलं नव्हतं, ते आत्ता कळलं.

मी ते गाणं तीनदा ऐकलं. माझं माहेर सांगलीचं. ज्या वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले, तो आमचाच जिल्हा. लहानपणी चौकात शाहीर उभा राहिला की वडील मला खांद्यावर घेत. डफावर थाप पडली की पोटात गोळा येई. ते गाणं ऐकताना तसाच गोळा आला. शब्द निम्मे कळले नाहीत, पण कुणीतरी कुणाला तरी तोंडावर काही सांगतोय एवढं कळलं. आमच्या शाहिराचंही तसंच होतं. तो समोर बघून गायचा.

आणि शाहिराला तरी पैसा कुठे वर्ज्य होता? अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासाला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचं सांगतात. शेरभर! स्टॅनच्या साखळीला कशाला नावं ठेवायची? उलट ज्यांचं नाव जगभर गेलं, रशियापर्यंत जाऊन आले, ते अण्णा भाऊ 1969 मध्ये गेले ते हलाखीतच. सोनं मिळालं म्हणून त्या पोवाड्यातला अर्थ गेला नाही, आणि हलाखीत राहिले म्हणून अण्णा भाऊंच्या गाण्याला अर्थ आला असंही नाही. तो आधीच होता.

एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण मुलगा उठता उठता म्हणाला, "आणि आई, देवळात पहिल्या अभिषेकाची बोली लागते, ती काय आहे?"

मी भडकले. म्हटलं, ते दान आहे. त्या पैशांतून धर्मशाळा चालते, मुनींच्या विहाराची सोय होते, बोली लावणाऱ्याच्या घरी त्यातलं काही जात नाही. हे खरंच आहे आणि अजूनही मी तेच म्हणेन. पण रात्री झोप लागेना. बोलीपेक्षा मला दुसरंच काही टोचत होतं आणि ते त्याला माहीतही नव्हतं.

आमच्या मंदिरात दशलक्षणात संध्याकाळी आरतीनंतर बायका पदं म्हणायच्या. द्यानतराय, भूधरदास, दौलतराम यांची. पेटी एक, झांजा दोन. एक काकू होत्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा आवाज चिरका, सूर हमखास वर चढणारा, पण त्यांना पन्नास-साठ पदं तोंडपाठ. कुणी शब्द चुकली की त्या गाणं थांबवून दुरुस्त करायच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी ठरलं की आता बाहेरून गायक बोलवायचा. भक्तिसंध्या. मोठे स्पीकर, रंगीत दिवे, सिनेमाच्या चालींवर भगवंताचं नाव. गर्दी चौपट झाली. बायका उभं राहून नाचल्या, मीही नाचले. त्यासाठी अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्ल्यांतून घरोघर फिरून वर्गणी कुणी गोळा केली? मीच. पावतीपुस्तक माझ्याच पर्समध्ये होतं.

दुसऱ्या वर्षापासून काकू संध्याकाळी यायच्या बंद झाल्या. "गुडघे दुखतात," म्हणायच्या. सकाळी पूजेला मात्र त्याच गुडघ्यांनी येत.

त्या गायकाचा राग मला येत नाही. त्याचं पोट त्यावर आहे आणि तो मन लावून गातो. पण त्याला आम्ही कोण हे माहीत नव्हतं. काल तो दुसऱ्या कुठल्या मंडपात होता, उद्या तिसऱ्या. मधल्या ओळीत गावाचं नाव बदललं की झालं. काकूंना मात्र समोर बसलेली प्रत्येक बाई ठाऊक होती. कुणाचा मुलगा गेलाय, कुणाची सून नांदत नाही, त्याप्रमाणे त्या पद निवडायच्या. मोठ्यानं काही बोलायच्या नाहीत, पण जिच्यासाठी निवडलं तिला कळायचं. एकदा मलाही कळलं होतं. तो प्रसंग इथे लिहीत नाही.

भाषणाच्या आठवडाभर आधी आणखी एक गंमत झाली. मुलगा आणि त्याचा मित्र मिळून एक गाणं लिहीत होते. मित्राचे आजोबा गिरणीत होते. इंदूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांकी निघतात, दिव्यांनी लखलखणारे मोठमोठे देखावे. हुकूमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. सर सेठ हुकूमचंद हे आपल्याच समाजातले, काच मंदिर बांधणारे. झांकी थाटात निघायच्या त्या गिरण्यांच्या पैशावर. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हुकूमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात. कामगारांचं देणं चुकतं व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला. 224 कोटी रुपये, 4800 च्या वर कामगार, आणि त्यातले किती तोवर गेलेले. पण मधल्या बहुतेक वर्षांत झांकी निघतच राहिल्या. ज्यांचा पगार अडला होता तीच माणसं वर्गणी मागून, मिळेल ती मदत घेऊन दिवे लावत राहिली. पोरांचं गाणं त्यावर होतं.

तर एका बिल्डरचा माणूस त्यांच्याकडे आला. बीट छान आहे, शब्द बदलून द्या, नव्या कॉलनीची जाहिरात करायचीय. पंचवीस हजार. मुलानं रात्री जेवताना मला विचारलं, आणि मी, जी आठ दिवस आकिंचन्याची टिपणं काढत होते, पटकन म्हणाले, "घे की! घरी बसून पंचवीस हजार कोण देतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. ह्यांनी पोळीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. मला माझंच हसू आलं, आणि जरा लाजही.

शेवटी पोरांनी असं केलं. मित्राला पैशांची निकड होती, म्हणून बिल्डरला दुसरं गाणं करून दिलं, बीटही दुसरी. झांकीचं आहे तसं ठेवलं. बिल्डर कुरकुरला, पंचवीसचे पंधरा केले. ती जाहिरात हल्ली रिक्षावरच्या भोंग्यातून आमच्या रस्त्यानं फिरते. फार वाईट आहे. मुलगा ती आली की खिडकी लावून घेतो.

नवव्या दिवशी मी बोलायला उभी राहिले तेव्हा रॅपचा 'र' काढला नाही. पावतीपुस्तकाची गोष्ट सांगितली. दहाऐवजी सहा मिनिटांत संपलं. बायका पेंगल्या नाहीत, पण टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. समितीतल्या एक जण खाली बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. माझा निर्जळी उपवास होता, तरी रात्री ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून झांकी बघायला गेले. राजवाड्यापाशी मुंगीला वाट नव्हती. मुलाच्या मित्राचे आजोबा एका झांकीबरोबर हळूहळू चालत होते, खांद्यावर धुतलेला पंचा. मुलानं ते गाणं तिथे म्हटलं नाही. त्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसतं. आजोबांना घरी ऐकवलंय, म्हणाला. आजोबांनी एका खात्याचं नाव चुकल्याचं सांगितलं, ते त्यानं बदललं.

क्षमावाणीनंतर आठवड्यानं मी काकूंकडे गेले. सोबत धाकटा होता. काकूंनी आधी सुंठेचा काढा दिला, मग आढेवेढे घेतले, आणि मग भिंतीला पाठ टेकवून एक पद म्हटलं. सूर नेहमीसारखा वर गेला. मुलानं मोबाइलवर टिपून घेतलं आणि भीत भीत विचारलं, "आजी, ह्याच्याखाली बीट टाकू का मी?"

काकूंना बीट म्हणजे काय ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "टाक की. पण आधी पाठ कर. मधेच अडखळशील तर मी थांबवीन."

तो आता दर रविवारी जातो. निम्मं झालंय. मधल्या एका ओळीत तो अजून अडखळतो आणि काकू त्याला अजून थांबवतात.