सागाची टोकं

पहिल्या फळीचं टोक मोडलं तेव्हा आवाज ऐकून शेजारच्या काकू ओसरीवर आल्या. तीन दिवस हौदात भिजवलेली, तासभर उकळत्या पाण्यात उभी ठेवलेली सागाची फळी मी साच्यावर दाबत होतो. अर्धीमुर्धी वाकली आणि तुटली. बाबा खाटेवरून पाहत होते. "जुन्या घराचं साग आहे थे. कोरडं ठणठणीत. वाकत नाही, मोडते."

बाबांनी हिंगणीत जन्मभर बैलगाड्या बांधल्या. त्यांच्याच रंध्यानं मला वॉटर स्की करायच्या होत्या. हे वेड मला राल्फ सॅम्युएलसननं लावलं. अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक सिटी गावच्या या पोरानं 1922 साली आधी पिंपाच्या फळ्या, मग बर्फावरच्या स्की पायाला बांधून पाहिल्या. काही जमलं नाही. शेवटी पाइनच्या आठ फूट लांब, नऊ इंच रुंद फळ्या आणून त्यांची टोकं त्यानं घरच्या भांड्यात उकळून वाकवली. 2 जुलैला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भावाच्या बोटीमागं तो लेक पेपिनवर उभा राहिला. त्याच्याबद्दल वाचताना मला आमचंच आंगण दिसलं. करवत, पाणी, जाळ, सगळं घरात होतं.

मापं मी त्याचीच धरली. आजच्या स्की अरुंद असतात, कारण बोटी वेगवान असतात. वेग कमी असेल तर माणसाला पाण्यावर उचलायला फळी रुंद लागते, आणि मला मिळणार होती ती ओळखीतल्या एकाची इंजिन बसवलेली मासेमारीची नाव.

लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन ओल्या उष्णतेत मऊ होतं, थंड होताना पुन्हा घट्ट होतं. पण वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. पाऊण इंच जाडीच्या जुन्या सागाला ते सोसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेन्सिल मागितली आणि फळीच्या कडेवर दोन रेघा ओढल्या. "टोकाले जाडीत दोन चिरा दे. तीन पातळ पाट्या होतीन. पातळ वाकते."

नऊ इंच रुंदीतून, दीड फूट खोल, हातकरवतीनं! दोन्ही फळ्यांना चार संध्याकाळी लागल्या. पातं जरा कललं की बाबा नुसत्या आवाजावरून ओळखत आणि थांबवत. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मी एवढं कधी शिकलो नव्हतो. मग चुलीत पऱ्हाट्या घातल्या, ड्रम उकळला, टोकं साच्यावर बसवून शिकंजे आवळले. कुरकुर झाली, पण तुटलं नाही. दोन दिवस वाळल्यावर चिरांत पाण्यात न सुटणारं रेझिन भरून पुन्हा आवळलं. पाय अडकवायला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पट्टे, वर अॅल्युमिनियमची पट्टी आणि स्क्रू.

बोर धरण आमच्या गावाजवळच आहे. तिथं जायचा विचारही केला नाही. 2014पासून तो परिसर व्याघ्र प्रकल्प आहे. जनावरांच्या पाण्यावर इंजिनाचा आवाज नकोच. परवानगी काढून दूरच्या एका जलाशयावर गेलो.

जीवरक्षक जाकीट घालून पाण्यात बसलो, टोकं वर. पहिल्या दोन्ही वेळा दोर ओढून उठायला गेलो आणि तोंडावर पडलो. तिसऱ्यांदा गुडघे छातीशी ठेवले, हात सरळ ठेवले आणि अंग मागं झुकवलं. सॅम्युएलसनलाही हेच सापडलं होतं. नावेनं मला उचललं. पायाखालचं पाणी अचानक कडक झालं, फळ्या खडखडल्या, आणि मी उभा होतो. काठावरच्या एका पळसापासून दुसऱ्यापर्यंत, एवढंच. मी मोठ्यानं ओरडत होतो.

रात्री बाबांनी दोन्ही टोकं दिव्याखाली धरली, चिरांवरून अंगठा फिरवला. कुठंच उघडलं नव्हतं.

"सरळ जात होती का?"

"मागून डावीकडं सरकत होती."

त्यांनी फळी उलटी केली आणि पेन्सिल मागितली.