कोणाचंही नुकसान झालं नाही

शनिवारी सकाळी मस्त लोळत पडायचा बेत होता. पण साडेआठलाच मामेभावाचा मेसेज... "दादा, पेपर मेल केलाय. इंग्लिश तेवढं बघशील का? सोमवारी सबमिट करायचाय." स्वारी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टवर पेपर छापून आला की मार्क मिळतात. आमच्या वेळीही हेच होतं. म्हटलं चला, चहाबरोबर सहा पानं होऊन जातील.

विषय होता फिशिंग. पोरांनी कॉलेजकडून आल्यासारखा दिसणारा एक खोटा मेल बनवला, "तुमची परीक्षा फी जमा झालेली नाही, इथे क्लिक करा", आणि कोण कोण फसतं ते मोजलं. टेबल, ग्राफ, ब्रँचप्रमाणे टक्केवारी, सगळं झकास. आणि पाचव्या पानावर एक वाक्य: या प्रयोगात कोणाचंही नुकसान झालं नाही.

तिथे मी अडकलो. कारण हेच वाक्य एकदा मी पण लिहिलं होतं. ते सांगतोच, पण आधी माझ्यापेक्षा खूप मोठ्या लोकांची गोष्ट.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना दाखवून द्यायचं होतं की ओपन सोर्समध्ये मुद्दाम भोक पाडता येतं. मुद्दा खरा आणि महत्त्वाचा. लिनक्स कर्नल तुमच्या अँड्रॉइड फोनपासून बहुतेक सर्व्हरपर्यंत सगळीकडे आहे. मग त्यांनी काय केलं, तर ऑगस्ट २०२० मध्ये खोट्या नावांनी कर्नलच्या मेंटेनर लोकांना पॅच पाठवले. वरून दिसायला छोटी दुरुस्ती, आतून नवीन गडबड. मेंटेनर "ठीक आहे" म्हणाला की लगेच चूक सांगून टाकायची, म्हणजे खराब कोड आत जाणार नाही, अशी योजना. पेपरचं नाव ठेवलं 'हिपोक्रिट कमिट्स', म्हणजे ढोंगी कमिट्स! आणि तो आयट्रिपलईच्या सिक्युरिटी अँड प्रायव्हसी या कॉन्फरन्सला स्वीकारलाही गेला. आमच्या क्षेत्रात तिथे पेपर येणं म्हणजे गावजेवण घालण्याइतकी मोठी गोष्ट.

माणसांवर प्रयोग करायचा असेल तर तिकडे विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते. यांनी ती आधी मागितलीच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ओरड झाल्यावर मागितली, आणि समितीने सांगितलं की हे माणसांवरचं संशोधन नाहीच! म्हणजे ज्यांना पॅच पाठवले, ज्यांनी वेळ काढून ते वाचले, विश्वास ठेवला, ते बहुतेक यंत्रमानव असावेत...

एप्रिल २०२१ मध्ये त्याच ग्रुपच्या एका विद्यार्थ्याकडून आणखी काही विचित्र पॅच आले. ते या प्रयोगातले नव्हते, पण दुधाने तोंड पोळलेलं. ग्रेग क्रोआ-हार्टमन हा कर्नलमधला मोठा माणूस. त्याने अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं बंद केलं. चार दिवसांत संशोधकांनी जाहीर माफी मागितली आणि लगेच पेपर मागे घेतला. पण खरं काम त्यानंतर सुरू झालं. विद्यापीठाकडून पूर्वी आलेले ४३५ कमिट एकेक करून पुन्हा तपासावे लागले. बहुतेक सगळे बरोबर निघाले, ३९ मध्ये दुरुस्ती हवी होती. हे तपासलं कोणी? आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या त्याच लोकांनी. त्यातले काही कंपनीच्या पगारावर, तर काही घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. आणि त्या विद्यापीठातून ज्यांनी सरळ मनाने पॅच पाठवले होते, त्यांच्यावरही उगाच संशय.

खराब कोडमुळे कोणाचं नुकसान झालं नाही, हे संशोधकांचं म्हणणं. कोड सोडला तर बाकी सगळ्याचं झालं.

आता माझी गोष्ट. शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी असाच प्रयोग केला. कॉलेजचं नाव सांगत नाही. आम्ही ऑफिस स्टाफला मेल पाठवला, "बँक डिटेल्स अपडेट न केल्यास पगार थांबेल". ऑफिसमधल्या एका काकूंनी चार मिनिटांत सगळं भरून टाकलं. आम्ही खूष. पेपरमध्ये नाव लिहिलं नाही, "पन्नाशीवरील महिला कर्मचारी, प्रशासन" एवढंच लिहिलं. आता त्या ऑफिसात पन्नाशीवरची बाई एकच! प्रेझेंटेशनमध्ये तो स्लाइड आला आणि सगळे हसले. पुढच्या आठवड्यात काकूंना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला.

मी सॉरी म्हणायला गेलो होतो. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, आधी विचारलं असतंस तर मी मदत केली असती ना तुम्हाला." त्यानंतर काकू विद्यार्थ्याने पाठवलेला कुठलाही मेल उघडत नसत. प्रत्येक गोष्टीची प्रिंट आणायला सांगायच्या. म्हणजे आमच्या संशोधनाने सुरक्षितता वाढली म्हणायची!

आमच्यावेळचा युक्तिवादही ठरलेला. आधी सांगितलं तर माणूस सावध होतो, मग प्रयोग कसला? हे अगदीच चूक नाही. पण ऑफिसमध्ये आम्ही क्लायंटच्या सिस्टिमला सहीचं पत्र हातात असल्याशिवाय बोटसुद्धा लावत नाही. पत्र कोणीतरी जबाबदार माणूस देतो, तिथल्या प्रत्येकाला माहीत असायची गरज नसते. मिनेसोटावाल्यांनाही वरच्या दोन-तीन मेंटेनरना आधी विश्वासात घेता आलं असतं. मग 'संशोधन' म्हटलं की हे पत्र का गळून पडतं?

मला वाटतं, कारण पेपर छापून येतो म्हणून. मार्क, पीएचडी, नोकरी, सगळं पेपरवर. छापणारा विचारत नसेल तर करणारा कशाला विचार करेल? म्हणून हा प्रश्न छापण्याच्या दारातच विचारायला हवा. आता मोठ्या कॉन्फरन्स तो विचारू लागल्यात. युसेनिक्स सिक्युरिटीने २०२५ पासून प्रत्येक पेपरमध्ये नैतिक बाजूंवर वेगळा भाग लिहिणं सक्तीचं केलं. आमच्या पेपरला मात्र कोणीच काही विचारलं नाही. जर्नलने विचारलं ते फक्त पैसे कधी भरताय.

असो. मामेभावाला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो गप्प. मग म्हणाला, "पण दादा, सबमिशन सोमवारी आहे रे." म्हटलं, आज मेल पाठवलेल्या सगळ्यांना खरं काय ते सांग, ज्याला नको असेल त्याचा डेटा काढ, जिथे माणूस ओळखता येईल असे आकडे काढ, आणि ते पाचव्या पानावरचं वाक्य खोड. त्याऐवजी काय केलं आणि काय चुकलं ते लिही. मार्क कदाचित कमी पडतील. "बघतो," म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला माहितीय, पण रात्री त्याने सगळ्यांना पाठवायच्या माफीच्या मेलचा ड्राफ्ट पाठवला. त्याचं इंग्लिश मात्र मी आनंदाने तपासलं.

आणि हो, माझ्या त्या जुन्या जर्नलला मी पण मेल टाकलाय, पेपर मागे घ्या म्हणून. अजून उत्तर नाही. पैसे भरताना दोन तासांत आलं होतं.