अब्बांची पेटी

अम्मीची इद्दत संपली तेव्हा आम्ही भावंडे राजूरच्या घरी जमलो आणि माळ्यावरची अब्बांची पेटी खाली काढली. अब्बांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. पेटीत सोल्डरची सळई, जुने व्हॉल्व्ह आणि सगळ्यात खाली थर्माकोलमध्ये जपलेला एक काळा कीबोर्ड निघाला. लहानपणी त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. तो कीबोर्ड म्हणजेच आख्खा संगणक होता, डीबी स्पेक्ट्रम प्लस.

मूळ स्पेक्ट्रम ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली काढला. पुढे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तो आपल्या देशात आणला. त्याला घरचा टीव्ही जोडायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम भरायचा. अब्बांनी दुकानाच्या उधारीचा प्रोग्राम स्वतः लिहिला होता. कॅसेट पाच-पाच मिनिटे किंचाळत चालायची आणि तेवढ्यात वीज गेली की सगळे पुसले जायचे. चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी गर्दी उसळायची, दुकानात माणसे ताटकळायची, तेव्हा अब्बा निमूटपणे वहीच उघडायचे.

भाच्याने मोबाइलवर पाहून सांगितले, की हौशी लोक अशा यंत्रांना आता चांगले पैसे देतात. आम्ही हरखलो. ओळखीतून पुण्याचे एक संग्राहक घरी आले. चहा घेता घेता त्यांनी आमचा पहिला गैरसमज दूर केला. जुने म्हणजे महाग नव्हे. अ‍ॅपल-वन हा संगणक १९७६ साली ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जाई. ते बनलेच सुमारे २००, म्हणून २०१४ च्या लिलावात त्यातल्या एकाला ९ लाख ५ हजार डॉलर मिळाले. स्पेक्ट्रम मात्र लाखोंनी खपला. आमच्या यंत्राला भाव होता तो त्यावरच्या भारतीय नावामुळे. शिवाय मूळ खोका, माहितीपुस्तिका, आतले न बदललेले भाग आणि यंत्र चालू असणे, या सगळ्याने किंमत चढते.

इथेच आमची परीक्षा होती. स्पेक्ट्रमच्या कळांखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. वर्षांनुवर्षे पडून तो कडक होतो आणि तडकतो. आदल्या रात्रीच आम्ही पाहिले होते, की एक ओळ कळा दाबल्या जात नाहीत. आमच्यातला एक जण म्हणाला होता, "टीव्हीवर अक्षरे दिसतात ना? मग चालू आहे म्हणून सांगू." आम्ही बाकीचेही गप्प राहिलो होतो. बोलली ती अम्मी. "ऐब छुपाके बेचे तो अब्बा का नाम बेचे," एवढेच म्हणाली.

आम्ही पाहुण्यांना मृत कळा दाखवल्या. अब्बांनी एकदा आतला एक भाग बदलला होता, तेही सांगितले. भाव उतरला. मग त्यांचे लक्ष 'उधारी' लिहिलेल्या कॅसेटकडे गेले. कॅसेटसह द्याल तर दुप्पट देतो, असे ते म्हणाले. कारखान्यातून निघालेली यंत्रे सारखी असतात, पण एका माणसाने ते कसे वापरले याची निशाणी एकच असते, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटले.

पण त्या फितीत गावातल्या माणसांची नावे होती. कोणाकडे किती थकले, हे त्यांच्या आणि अब्बांच्या मधले होते. दुकान बंद करताना अब्बांनी ती सारी उधारी माफ केली होती. माफ केलेले कर्ज आम्ही कोणाच्या कपाटात मांडायला द्यायचे? आम्ही कॅसेट दिली नाही.

यंत्र गेले. पैसे हातात आले तसे आधी अम्मीचा आठवा हिस्सा काढला, मग आपाचा, मग आम्हा भावांचा. प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच आले. कॅसेट अम्मीने पुन्हा पेटीत ठेवली. ती ऐकायला आता घरात टेपरेकॉर्डरही नाही, आणि ते बरेच आहे.