नुसता कंप्रेसर बदला!

एप्रिल लागला की पिकअपवाल्यांचं माझ्याकडे एकच मागणं असतं: "नुसता कंप्रेसर बदला, बाकी काही उकरू नका." गाडी बहुधा दहा-बारा वर्षांची बोलेरो कँपर. केबिनमध्ये कामगार, हौद्यात सळया नाहीतर सेंट्रिंगच्या प्लेटा. मालक नाना पेठेतून पार्टचा भाव काढूनच आलेला असतो. गेलेला काढा, नवा बसवा, गॅस मारा, एवढा त्याचा हिशेब. माझा अनुभव असा की, कंप्रेसर सहसा आपल्या मरणानं मरत नाही. त्याला मारणारा गाडीतच दबा धरून असतो आणि नवा बसवला की त्याच्याही मागे लागतो.

हा मारेकरी म्हणजे बहुतेक वेळा गळती. इंजिनाचं तेल इंजिनातच राहतं; एसीचं तेल मात्र गॅसच्या सोबतीनं कंडेन्सर, ड्रायर, कूलिंग कॉइल असं सगळीकडे फिरून कंप्रेसरकडे परत येतं. गॅस कमी झाला की तेल वाटेतच रेंगाळतं आणि कोरडे पिस्टन आपलंच ॲल्युमिनियम खरवडू लागतात. त्यात आपल्या पुण्याची हवा. पावसाळा-हिवाळ्यात एसीचं बटण कुणी दाबत नाही. डिझेल वाचतं ना! तेवढ्या महिन्यांत शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि गॅस हळूहळू निसटतो. मग उन्हाळ्यात कुठेतरी रस्त्यावर गॅस मारून घ्यायचा. गळती कुणी शोधत नाही, तेलाचं तर नावही निघत नाही. अशा दोन-तीन उन्हाळ्यांत चांगला कंप्रेसर बसतो.

जुना कंप्रेसर उतरवला की मी तो काचेच्या मापात पालथा करतो. पंचनामा तिथेच होतो. स्वच्छ, पारदर्शक तेल निघालं तर निम्मं काम वाचलं. पण करडं तेल निघालं, चिमटीत चोळल्यावर बोटांना चंदेरी चमक आली, तर तो कीस आता सगळ्या लाइनीत पसरलेला आहे. जुन्या पद्धतीचा जाड नळ्यांचा कंडेन्सर असेल तर फ्लश करून साफ होतो. बारीक वाहिन्यांच्या चपट्या नळ्यांचा असेल तर फ्लशचा उपयोग नाही, तो बदलायचा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा. ड्रायर तर प्रत्येक वेळी, कारण आतले दाणे ओल शोषून घेतात आणि लाइन उघडी पडली की त्यांचा जीव संपला. इथेच मालकाचा चेहरा उतरतो. पण हे टाळून बसवलेला नवा कंप्रेसर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माझ्या बाकावर येतो, आणि तेव्हा शिव्या मलाच.

तेल मापानंच घालायचं. नव्या कंप्रेसरमध्ये कंपनीनं पुष्कळदा अख्ख्या सिस्टिमपुरतं तेल भरून दिलेलं असतं. लाइनीत उरलेल्या जुन्या तेलाचा हिशेब न करता तो तसाच चढवला, तर जादा तेल कॉइलच्या आतून थर धरतं आणि थंडावा कमी होतो. क्लचची फट फीलर गेजनं बघायची, ती साधारण अर्धा मिलिमीटर असते. इंजिन चालू करण्याआधी क्लचचा हब हातानं काही वेळा फिरवायचा, नाहीतर सिलिंडरात साठलेलं तेल दाबलं जात नाही आणि पहिल्याच झटक्यात आतलं काहीतरी मोडतं.

मग व्हॅक्यूम. नवीन पोरं इथे घाबरतात. पुस्तकात २९ इंच लिहिलेलं असतं आणि आपला काटा २८ च्या आसपास अडतो. पंप खराब नसतो; पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे हवेचा दाबच तेवढा कमी. हाच पंप मुंबईत लावा, काटा पुढे सरकेल. बघायचं ते हे की पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास जागचा हलतो का. हलला तर गॅसची बाटली उघडायचीच नाही.

गॅस मी वजनकाट्यावर भरतो, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलाय तेवढाच. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट भारी. किगाली कराराला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे २०३२ पासून असल्या गॅसचा वापर टप्प्याटप्प्यानं उतरत जाणार. तरी गॅरेजांतून जुना गॅस अजून सर्रास हवेत सोडतात. तो काढून साठवणारं मशीन महाग आहे हे खरं. मीही ते हप्त्यांवरच घेतलंय.

पॅकार्डनं १९३९ च्या सुमारास अमेरिकेत गाडीला कारखान्यातूनच एसी बसवून दिला, तेव्हा कंप्रेसरला क्लचच नव्हता; थंडीत एसी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा काढून ठेवायचा. तिथपासून आपण इथवर आलो की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. पण तो नियम साडेतीन टनांवरच्या गाड्यांचा. त्याच्या आतल्या पिकअपला तो लागू नाही, तिथे सगळं मालकाच्या मर्जीवर. "थंड हवा ड्रायव्हरला आणि बिल मला!" हे वाक्य मी दर मोसमात ऐकतो. म्हणून बिल मालकाच्या हातात देताना ड्रायव्हरलाही जवळ बोलावतो आणि त्याच्यादेखत मालकाला सांगतो, "शेठ, पावसाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावू द्या याला. तेवढ्या डिझेलचा हिशेब मागू नका."