फिरतं घर

मेहुण्याने टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, संडास बसवून घेतला आणि नेपाळला निघण्याआधी क्रांती चौकात आम्हाला दाखवायला आणला. "दाजी, घर घेऊन परदेशी चाललोय!"

मी बँकेतला कारकून. आधी हप्ता विचारला.

आजी मात्र आत चढून सगळं निरखून आली. "आम्ही गेलोय की असंच." 1948 साली, रझाकारांच्या धास्तीनं, बैलगाडीत चूल, जातं अन् पाच पोरं घालून तिच्या वडिलांनी कायगाव-टोक्याला गोदावरी ओलांडली. अलीकडे निजाम, पलीकडे भारत. 17 सप्टेंबरपर्यंत नदी हीच सरहद्द.

"सरहद्दीवर आम्हाला भन्साराची पावती लागते," मेहुणा जरा ऐटीत म्हणाला. "तुम्हाला काय लागलं?"

"अंधार," आजी म्हणाली. "आणि हो, घराला कुलूप नीट लाव रे. आम्ही परतलो तेव्हा दारच नव्हतं."