बटण दाबण्याआधी



गेल्या आषाढात आमचा ड्रायर फार तापू लागला. कपडे हाताला चटका बसेल इतके गरम, तरी ओलसरच. आणि मशीन मध्येच बंद पडायचं. मी जाळीवरची तूस काढली. मागची नळी भिंतीशी दबली होती, तीही मोकळी केली. तरी तेच.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, मशीन ठीक आहे. दमट हवेला बाहेर जायला वाटच नाही. आत जास्त तापलं की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो."

गॅलरीत नळीचं तोंड निघतं, तिथे पाहिलं तर काड्यांचं घरटं! आत साळुंकीची अंडी. उन्हाळाभर ड्रायर बंद होता, तेवढ्यात तिने संसार थाटला होता. माझ्या पोटात धस्स झालं. मी दोनदा मशीन चालवलं होतं.

मेकॅनिक घरटं ओढून काढणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे." मग घरभर दोऱ्या आणि पंख्याखाली कपडे. आतून पिल्लांची चिवचिव ऐकू आली, त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला.

पिल्लं उडून गेल्यावर नळी साफ केली. तूस आणि वाळक्या काड्या लगेच पेट घेतात, म्हणून आत काहीच ठेवलं नाही. तोंडाला उघडझाप होणारी झडप बसवली. बारीक जाळीत तूस अडकते.

आपण पाणी गाळून पितो, खाली पाहून चालतो. बटण दाबताना मात्र मी पाहिलं नव्हतं. तो प्रमाद माझाच. आता आधी गॅलरीत डोकावते, मगच ड्रायर लावते.