शेऱ्याचा रकाना

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आमच्या पिढीने हवामानाच्या नोंदी हाताने उतरवल्या. वेधशाळेची वही उघडली की रकानेच रकाने: कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, सूर्यप्रकाशाचे तास, बाष्पीभवन, सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आणि शेवटी शेरा. बाजरीवरच्या प्रबंधाला त्यातले तीन-चारच लागत. एकाने ओळीखाली फूटपट्टी सरकवत आकडे वाचायचे, दुसऱ्याने फुलस्केपवर उतरवायचे. मार्गदर्शक म्हणाले, "बाष्पीभवनही घ्या," की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात!

आज हे काम 'आर'मध्ये एका ओळीत होते. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या या मोफत संगणकीय भाषेची १.० आवृत्ती २००० साली आली. तिच्या मूळच्या 'रीड.सीएसव्ही'त नको असलेल्या रकान्यापुढे 'नल' लिहून तो गाळता येई. पुढे 'डेटा.टेबल' या पॅकेजमधल्या 'एफरीड'ला 'सिलेक्ट'मध्ये नावे दिली की तेवढेच रकाने मिळू लागले. २०२१च्या 'रीडर' पॅकेजच्या २.० आवृत्तीत 'कॉल_सिलेक्ट' आले आणि नावाचा तुकडाही पुरेसा झाला. 'कंटेन्स'मध्ये 'रेन' लिहा; एका वर्षीचा 'रेनफॉल' आणि दुसऱ्या वर्षीचा 'रेन_एमएम' दोन्ही हाती येतात. रकान्यांचा क्रम बदलला तरी अडत नाही. बाष्पीभवन हवे असेल तर एक शब्द वाढवायचा. आमचे आठवडे ज्यात गेले, ते काम आजची मुले चहा निवायच्या आत उरकतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

मात्र तेव्हा पावसाचा आकडा टिपताना नजर शेऱ्यावरही जायची. गारपीट झाली, वळीव कोसळला, पर्जन्यमापक नादुरुस्त होता, हे तिथेच कळे. कोरडा दिवस आणि न मोजलेला दिवस यांतला फरकही तिथेच उमगे. आता निवड आधी होते, वाचन नंतर. जो रकाना मागितला नाही, तो होता हेसुद्धा कळत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह असतो: आधी पहिल्या वीसेक ओळी सगळ्या रकान्यांसह वाचा, मग निवडा, आणि निवडीत शेरा ठेवाच. राहुरीचा आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे पाऊस मोजायचा राहिला त्या दिवसापुढे शून्य धरले, तर बरे गेलेले वर्षही कागदावर दुष्काळी ठरते, आणि पेरणीचा सल्ला त्याच कागदावरून दिला जातो.